एक्केचाळीस नंबरचे डबे

३ नोव्हेंबर, सोमवार

ही वही ज्याने आखली त्याला माझ्यासमोर उभा करा. दोन ओळींमधून सुईचा दोरा जाणार नाही, आणि द्यायची कोणाला, तर पेपरातले मथळेसुद्धा हात लांब धरून वाचणाऱ्या बाईला. वर छापलंय: सकाळी काय खाल्लं, दुपारी काय खाल्लं, शौच झालं का, कसं झालं. कसं झालं म्हणजे काय? छान झालं, पुन्हा यावंसं वाटलं, असं लिहू? आणि एकट्या माझंच नाही, ह्यांचंही. दोन माणसांच्या पोटाची चौकशी बोटभर रकान्यात.

बरं, नमस्कार. तक्रार आत राहिली की मला नीट बोलता येत नाही, म्हणून ती आधी.

वही नातीने आणली. तिला सगळे मुंगी म्हणतात, कारण लहानपणी तासन्‌तास उकिडवी बसून मुंग्यांची रांग बघायची. आता मोठी झाली, प्रयोगशाळेत काम करते आणि मुंगीहूनही बारीक जीव बघते. माणसाच्या शीमधले. तीन वर्षं हेच चाललंय. एवढं शिकलीस ते यासाठी का, असं मी एकदा म्हटलं तर म्हणाली, “आजी, तू तीस वर्षं दवाखान्याच्या चादरी धुतल्यास. त्यांवर काय अत्तर असायचं?” जिभेची धार माझीच घेतलीय कार्टीने.

मी चौथी शिकलेली. लिहायची सवय म्हणाल तर लाँड्रीतली, गठ्ठ्यावर वॉर्डाचा नंबर आणि चादरी किती ते. तेवढ्यावर नोकरी निभावली. पण वहीला मागूनही पानं असतात. पुढून त्यांची, मागून माझी. परत करताना मागची फाडून घेईन. मला बोलायला कोणीतरी हवं. हे ऑगस्टपासून बोलत नाहीत.

हे म्हणजे माझा नवरा. टेलिफोन खात्यात लाइनमन होते. खांबावर चढून लोकांच्या बोलण्याच्या तारा जोडायचे. ऑगस्टात मेंदूला झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय परत आले, रुसून गेलेल्या माणसासारखे, एक पाऊल आत एक बाहेर करत. शब्द आले नाहीत. एकच मागे राहिला, हॅलो. चहा हवा, हॅलो. चहा नको, हॅलो. बाथरूमला जायचंय, हॅलो. ज्या माणसाशी पन्नास वर्षं रोज भांडले तो आता सगळ्याला हॅलो म्हणतो. याच्याशी कोणी कसं भांडावं?

५ नोव्हेंबर, बुधवार

मुंगीने परवा जे समजावलं ते विसरायच्या आत लिहिते.

“आजी, पोटात अब्जावधी जंतू असतात.”

“तुझ्या असतील. मी स्वच्छ आहे.”

“सगळ्यांच्या असतात. चांगलेही असतात. झटका आलेल्या बऱ्याच जणांच्या पोटात काही जातींचे जंतू वाढलेले दिसतात, काहींचे कमी झालेले. त्यावरून झटका ओळखता येईल का, कधीतरी आधीच कळेल का, ते आम्ही बघतोय.”

“म्हणजे खालचं बघून वरचं सांगणार?”

“सांगता येईल का, एवढंच बघतोय. अजून येत नाही.”

“तीन वर्षांत?”

“आजी!”

यात मी कुठे आले, तर त्यांना रोग्याच्या घरातलं एक धडधाकट माणूसही हवं असतं, त्याच स्वयंपाकघरातलं खाणारं. म्हणजे दोघांत फरक निघाला तर दोष जेवणाला जात नाही. ह्यांचा पहिला नमुना ऑगस्टात दवाखान्यातच घेतला होता. आता तीन महिने झाले, दुसरा हवा. आणि धडधाकट म्हणून माझा. मला धडधाकट म्हटल्यावर मी काय नाही म्हणणार!

आज त्यांची नर्स येऊन दोन डबे देऊन गेली. डब्यांवर नाव नाही, नुसता नंबर. मुंगीला मुद्दाम कळू देत नाहीत कुठला नंबर कुठल्या घराचा. नर्स म्हणाली, आपलं माणूस आहे म्हटलं की डोळा फितूर होतो. पटलं मला. आमचं घर एक्केचाळीस. ह्यांचा डबा ४१ क, माझा ४१ ख. रविवारपर्यंत भरून फ्रिजमध्ये ठेवायचे, सोमवारी सकाळी माणूस येऊन नेणार.

सून म्हणाली, “अहो आई, फ्रिजमध्ये? दुधाशेजारी?”

“घट्ट झाकण आहे, वर तीन पिशव्या. आणि तुझ्याच मुलीचं काम आहे.”

तिने खालचा कप्पा रिकामा करून दिला, पण तेव्हापासून दूध वरच्या मजल्यावरच्या बाईंच्या फ्रिजमध्ये आहे.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

हे हटून बसलेत. आज तिसरा दिवस. पपई झाली, मनुका झाल्या, कोमट पाण्याचे तांबे झाले. पुढच्या रकान्यात ‘नाही’ लिहून लिहून पेन कंटाळलं.

बोलणं शिकवणाऱ्या बाई आल्या होत्या. त्या चित्रं दाखवतात. कप दाखवला, हे म्हणाले हॅलो. घोडा दाखवला, हॅलो. मी म्हटलं, निदान घोड्याशीही रीतीने बोलताय. बाई हसल्या. हे हसले नाहीत, खिडकीकडे तोंड करून बसले.

मला काही वाईट वाटलं नाही. चहात साखर एक चमचा जास्त पडली एवढंच.

तोच कप धुताना हातातून निसटला. डाव्या हाताला साबण होता. कान फुटला कपाचा, पण चालेल, कानाशिवायही कप धरता येतो.

९ नोव्हेंबर, रविवार

आज मी जे केलं ते वहीच्या पुढच्या बाजूला लिहिता येणार नाही.

सकाळी नऊला ह्यांनी दारातून हॅलो म्हटलं, आणि तो हॅलो कसला आहे ते मला बरोबर कळलं. पाऊण तास लागला. मी बाहेर स्टूल टाकून बसले होते. शेवटी झालं. मी नीट, दिलेल्या चमच्याने, दिलेल्या खुणेपर्यंत ४१ क भरला. ह्यांना बाहेर आणून खुर्चीत बसवलं, पाठीवर थाप मारली, शाबास म्हटलं. पन्नास वर्षांत मी ह्यांना कधी शाबास म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं ते कशाला!

मग डबा उचलला, डाव्या हातात, कारण उजव्या हाताने झाकण लावायचं होतं. आणि डावा हात गेला. गेला म्हणजे झोपला. मनगटापासून खाली कोणी दुसऱ्याचाच पंजा शिवून लावल्यासारखा. डबा पालथा पडला, थेट मोरीच्या जाळीवर. दहा मिनिटांनी हात जागा झाला, जसं काही झालंच नाही. सकाळपासून गार पाण्यात काम करतेय, त्याचंच असणार.

आता ह्यांना पुन्हा तीन दिवस काही होणार नाही. माणूस उद्या सकाळी येणार. ‘क’ रिकामा दिसला तर मुंगीच्या तीन वर्षांत एक घर कमी. तिने सांगितलं होतं, घरं मिळत नाहीत, लोक दार लावून घेतात.

डबा गरम पाण्याने धुऊन कोरडा केला. मग मी आत गेले आणि दोन्ही डबे भरले. ‘ख’ माझा आणि ‘क’ पण माझाच. एका घरातलं आहे, एका स्वयंपाकघरातलं आहे. एवढ्या जंतूंत कोणाला कळतंय कोण कोणाचा.

लाँड्रीत तीस वर्षांत मी एकही गठ्ठा बदलू दिला नव्हता.

१० नोव्हेंबर, सोमवार

माणूस आला, डबे घेऊन गेला. सही मागितली. केली.

१६ नोव्हेंबर, रविवार

मुंगी जेवायला आली होती. आजोबांची नखं कापत बसली आणि सगळ्या घराच्या बातम्या त्यांना सांगत होती. त्यांनी मान हलवायची, हिने पुढे जायचं. हिला त्या हॅलोचं काही वाटत नाही. मध्येच म्हणते, “हो ना आजोबा? मी पण तेच म्हणाले.”

तेवढ्यात फोन वाजला. आमच्या हॉलमध्ये अजून तारेचा फोन आहे. हे लाइनमन, त्यामुळे तो काढायचा विषय घरात निघत नाही. आधी तो कधी दुसऱ्यांदा वाजत नसे, पहिल्याच घंटीला हे उचलायचे, मग जेवत असोत की दाढी करत असोत. आज त्यांनी हात पुढे केला, पण सून स्वयंपाकघरातून धावत आली आणि तिने आधी उचलला. तिचाही दोष नाही. सप्टेंबरात ह्यांनी एकदा उचलला होता, तर पलीकडचा माणूस “कोण बोलतंय, कोण बोलतंय” ओरडत राहिला आणि हे फक्त हॅलो हॅलो. तेव्हापासून घरात ठरल्यासारखंच झालंय की ह्यांच्यापर्यंत फोन जाऊ द्यायचा नाही.

ह्यांचा हात तसाच पुढे राहिला. मुंगीने तो अलगद धरला आणि पुढचं नख कापलं.

दवाखान्यातून दिलेलं कार्ड मी फ्रिजच्या दारावर चिकटवलंय. तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं, यातलं काहीही दिसलं, थोडा वेळ दिसून गेलं तरी, लगेच दवाखाना. रोज सकाळी चहाआधी मी ह्यांना त्या कार्डासमोर उभं करते. हसा म्हणते. दोन्ही हात वर करा म्हणते. ते कंटाळतात, पण मी सोडत नाही. एकदा गाफील राहिले, पुन्हा राहणार नाही.

मुंगीला सोडायला जिन्यापर्यंत गेले तर डाव्या पायातली चप्पल कधी निघाली कळलंच नाही. ती म्हणाली, “आजी, एका पायात राणी, एका पायात भिकारी.” नवी चप्पल घ्यायला हवी, ही सैल झालीय.

२६ नोव्हेंबर, बुधवार

विशेष काही नाही. पपई ह्यांना आवडत नाही हे आज कळलं. पन्नास वर्षं खात होते. आज ताटलीच ढकलली. शब्द गेले तेव्हा खरं बोलायला लागले.

डावा हात दोनदा झोपला. उशी बदलली.

३० नोव्हेंबर, रविवार

आज मुंगी जिना दोन दोन पायऱ्यांनी चढून आली. चपला काढायच्या आधी बोलायला लागली.

“आजी, एक घर सापडलंय! नाव मला माहीत नाही, माहीत असायलाच नको, पण काय घर आहे! त्यातल्या रोग्याचा पहिला नमुना अगदी झटक्यातल्या लोकांसारखा. आणि तीन महिन्यांनंतरचा? त्याच्या घरातल्या धडधाकट माणसासारखा हुबेहूब! हुबेहूब, आजी! असं आम्ही कोणाचंच बघितलेलं नाही. याचा अर्थ पोटातली सगळी वस्ती परत बसली. घरच्या जेवणाने असेल, घरच्या माणसाने असेल. शुक्रवारी मोठ्या सभेत मी हे चित्र दाखवणार आहे. आमच्या मोठ्या बाईंनी सांगितलंय, सुरुवात याच घरापासून कर.”

“कितवं घर?” मी विचारलं. विचारायला नको होतं.

“नंबर सांगायला काय, एक्केचाळीस.”

मी गॅस बारीक केला. मोठाच होता का आधी, आठवत नाही.

हे खुर्चीत ताठ बसले होते. डब्यांवरचा नंबर त्यांनीही पाहिला होता. नंबर वाचता येतात त्यांना, खांबांचे नंबर वाचण्यात आयुष्य गेलं. त्यांनी स्वतःच्या पोटावर हात ठेवला, मग माझ्याकडे बोट केलं, आणि म्हणाले, हॅलो. असं म्हणाले की जसं काही बक्षीस लागलंय.

मुंगीला वाटलं तिलाच म्हणताहेत. तिने गालाचा मुका घेतला.

२ डिसेंबर, मंगळवार

आज हे कोणी न सांगता दोन वेळा जिना उतरून चढले. बोलणं शिकवणाऱ्या बाईंसमोर घोड्याच्या चित्राकडे इतका वेळ बघत राहिले की बाईंनाही वाटलं आता म्हणतील. घोडा नाही म्हणाले, पण आधी असा प्रयत्न तरी कुठे करत होते. पोट सुधारलं म्हणजे डोकं सुधारणार, असं त्यांच्या मनाने घेतलंय. आणि ते पोट माझं आहे.

काय करू? गप्प बसले तर कोणाला कळणार नाही. मुंगीची वाहवा होईल, ह्यांना हुरूप राहील. मी एकटी कुढेन, तर कुढेन. कुढायला मला चांगलं येतं.

पण लाँड्रीतली एक गोष्ट विसरता येत नाही. आमच्यातल्या एकीने साथीच्या वॉर्डाचा गठ्ठा न उकळता मुलांच्या वॉर्डाला लावला होता. चुकून झालं होतं. घाबरून गप्प बसली. चार दिवसांनी मुलं तापाने फणफणली तेव्हा तिने तोंड उघडलं. सगळ्यांत जास्त मीच ओरडले होते तिच्यावर. मी म्हटलं होतं, गठ्ठा बदलणं ही चूक, गप्प बसणं हा गुन्हा. फार मोठ्या आवाजात म्हटलं होतं. मला तेव्हा आवाज होता.

तिचं तोंड आज सारखं समोर येतंय. बिचारी चांगली होती.

मुंगीच्या चित्रावर उद्या कोणी विश्वास ठेवेल. कुठल्यातरी घरात कोणीतरी औषध सोडून नुसती पपई खात बसेल.

३ डिसेंबर, बुधवार

मी हे दवाखान्यात बसून लिहितेय. का ते क्रमाने लिहिते, मला क्रम लागतो.

सकाळी आधी ह्यांना सांगितलं. कार्डासमोर उभं केलं होतंच. म्हटलं, “अहो, ऐका. तुमचा डबा माझ्या हातून पडला होता. दोन्ही डब्यांत माझीच होती. तुमचे जंतू सुधारले की नाही मला माहीत नाही. जे सुधारलेले दिसताहेत ते माझे आहेत.”

मला वाटलं हे आता खुर्ची गाठणार आणि खिडकीकडे तोंड करणार. पण ओठ हलले, खांदे हलले, आणि हसायला लागले. ऑगस्टनंतर पहिल्यांदा. फ्रिजला धरून हसत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि मध्ये मध्ये हॅलो, हॅलो. मग मलाही आवरेना. सून येऊन बघून गेली, काही न विचारता.

एवढं झाल्यावर मी बस धरून मुंगीच्या प्रयोगशाळेत गेले. पहिल्यांदाच. तिसरा मजला, लांब खोली, भिंतीला फ्रिजच फ्रिज, आमच्याहून मोठे, आणि त्यांच्यात दूध कुठेच नाही. सगळ्यांचे कोट पांढरे, पण कॉलर कोणाचीच नीट धुतलेली नाही. मुंगी यंत्रापुढे बसली होती. यंत्रात इवल्या नळ्या, केसांच्या पिनांएवढ्या.

“आजी! आजोबांना काही...?”

“आजोबा ठीक आहेत. एक्केचाळीस नंबर आपला आहे.”

“सांगू नकोस मला! मला कळायचं नसतं ते!”

“कळून घे. दोन्ही डबे माझे आहेत.”

सगळं सांगितलं. ती बसली होती ती उठली, उठली ती पुन्हा बसली. पडद्यावर तिचं चित्र होतं, रंगीत ठिपक्यांचं, आणि दोन ठिपके एकमेकांवर बसलेले. ते आम्ही. म्हणजे मी आणि मी.

“मी सगळ्यांना सांगितलंय, आजी. मोठ्या बाईंना सांगितलंय. छापील कागदात गेलंय.” ओरडली नाही. ओरडली असती तर बरं होतं. “त्याच दिवशी मला का नाही सांगितलंस?”

“तुझं काम अडलं असतं.”

“आणि आता नाही अडलं?”

मी पर्समधून रुमाल काढून दिला. तिने नाक पुसलं, आणि मग असं विचारलं, जसं काही साधंच विचारतेय, “पण पडला कसा? तुझ्या हातून तर कधी चमचा पडत नाही.”

“हात झोपला.”

“कुठला?”

“डावा. झोपतो अधूनमधून. दहा मिनिटांत उठतो.”

“अधूनमधून म्हणजे किती वेळा?”

मी मोजायला लागले. कप. डबा. चप्पल धरायची का? धर म्हणाली. उशीचे दोन. मोजता मोजता तिच्या तोंडाचा रंग गेला. तिने मला स्टुलावर बसवलं आणि म्हणाली, “आजी, हस.”

“आता काय हसू?”

“हस म्हणते ना! आणि दोन्ही हात पुढे धर, डोळे मिटून.”

मी धरले. माझ्या मते दोन्ही सरळ होते. डोळे उघडले तर डावा एक वीतभर खाली आला होता, मला न विचारता.

तेव्हा मला ते कार्ड दिसलं, आमच्या फ्रिजवरचं. मीच चिकटवलेलं. रोज सकाळी त्याच्यासमोर मी ह्यांना उभं करत होते, आणि मी कुठे उभी होते? बाजूला. धडधाकट माणसाच्या जागी.

मुंगीने यंत्र तसंच सोडलं, कोटही काढला नाही. रस्ता ओलांडला की दवाखाना. लिफ्टमध्ये मी म्हटलं, “म्हणजे तुझ्या त्या जंतूंनी सांगितलं का हे? माझं काही दिसलं होतं त्यांत?”

“नाही ग आजी. एका माणसाचं त्यावरून काहीच सांगता येत नाही. ते काही बोलले नाहीत. डबा पडला, तो बोलला.” आणि माझा डावा हात तिने जो धरला तो चौथा मजला येईपर्यंत सोडला नाही. हात तेव्हा जागा होता. मला सगळं कळत होतं.

४ डिसेंबर, गुरुवार

मानेत मेंदूकडे रक्त नेणाऱ्या दोन मोठ्या नळ्या असतात म्हणे, त्यातली उजवी आतून गंजलीय. तिथून बारीक कचरा सुटतो आणि हात झोपतो. डॉक्टर म्हणाले, हे छोटे झटकेच आहेत, मोठ्याच्या आधीचे. उद्या सकाळी दहाला नळी साफ करणार. मी म्हटलं, नीट खंगाळून घ्या, साबण राहू देऊ नका. ते म्हणाले, “आजी, वेळेत आलात.” मी आले नाही, आणली मला.

भीती वाटतेय का? वाटतेय. वहीशी काय खोटं बोलायचं.

चादरीच्या कोपऱ्यात साबण राहिलाय. आमच्या वेळी अशी चादर वॉर्डात आली नसती.

मुंगी दुपारी आली. मोठ्या बाईंना तिने कालच सांगितलं. आमचं घर त्यांनी चित्रातून काढलं. मी विचारलं, बाई काय म्हणाल्या. “म्हणाल्या, सभेच्या दोन दिवस आधी कळलं ते बरं, दोन वर्षांनी कळलं असतं तर? आणि म्हणाल्या, तुझ्या आजीला इथे डब्यांवर नजर ठेवायला बसवलं पाहिजे.” चित्रातला चांगला भाग आमच्याबरोबर गेला. जे उरलंय ते साधं आहे, काही जंतू जास्त, काही कमी, अजून खात्री नाही. उद्या ती तेवढंच सांगणार. सांगताना ती सकाळी उठल्यासारखी हलकी दिसत होती.

मग म्हणाली, “मी उद्या सभेला जात नाही. तुझ्याजवळ बसते.”

खूप ऐकवलं मी तिला. बाजूच्या खाटेवरची बाई उठून बसली ऐकायला.

आता मुंगी खाली औषध आणायला गेलीय. ती परत आली की हे पान फाडून तिच्या हातात देणार, म्हणून यापुढचं तिच्यासाठी.

मुंगे, सभेला तू जायचंस. धुतलेला कोट घालायचास, कॉलर मी दाखवली होती तशी घासून. एक्केचाळीस नंबरचं कोणी विचारलं तर लपवायचं नाही, आजीने घोळ घातला म्हणून सांगायचं. माझ्याजवळ साडेनऊनंतर तुझी आई येऊन बसेल, आजारी माणसाजवळ बसणं तिला तुझ्याहून जास्त कळतं. आजोबांना पपई द्यायची नाही. सकाळी कार्डासमोर उभं करायचं, आणि त्यांच्या शेजारी तू, तुझी आई, सगळ्यांनी उभं राहायचं. हात सगळ्यांनीच वर करायचे.

इथे नर्सच्या टेबलावर फोन आहे. आत नेण्याआधी, सकाळी बरोबर नऊ वाजता, मी घरी फोन करणार आहे. तारेच्या फोनवर. तोवर तुम्ही दोघी घरीच थांबायचं. तो तुझ्या आईने उचलायचा नाही. ती धावेल, तिला धरून ठेव. तूही उचलायचा नाहीस. एकदा वाजू दे, दहादा वाजू दे, ह्यांना खुर्चीतून उठायला वेळ लागतो. त्यांच्याकडे एकच शब्द आहे आणि फोन उचलल्यावर तेवढाच लागतो. बाकीचं मी बोलेन, तसंही पन्नास वर्षं मीच बोलतेय. फोन ह्यांनीच उचलायचा.